प्राणहितेकाठी सलीम अलींचे स्मरण

आमच्या घराण्यात पक्षी म्हटला की एक तर पिंजऱ्यातला पोपट, नाहीतर बंदिशीतली कोयल आणि पपीहा. याखेरीज पाखरांशी आमचा कधी संबंध आला नाही. माझे वडील होळकर दरबारचे पखवाजी, नाना पानसे यांच्या परंपरेतले. अठराव्या वर्षी ते दरबारी लागले आणि विसाव्या वर्षी, म्हणजे १९४८ साली, संस्थान मध्य भारतात विलीन होऊन दरबारच उठला. नोकरी झाली अवघी दोन वर्षांची. पण दारावरची पाटी मात्र मरेपर्यंत दरबारी पखवाजी अशीच राहिली. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. आज दोन खोल्यांत गाण्याचा वर्ग चालवतो आणि पंचेचाळिशीकडे झुकलो आहे. अशा माणसाने गेल्या पौषात गळ्यात दुर्बीण अडकवून, तेलंगणातल्या बेज्जूरच्या रानात भल्या पहाटे कुडकुडत उभे राहावे, याला कारण माझा भाचा.

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीच्या फराळाला सगळे जमलेले असताना त्याने शांतपणे सांगून टाकले की हे शिक्षण सोडून आपण पक्ष्यांचा अभ्यास करणार. ताईच्या हातातली चकली हातातच राहिली. पुढे आठवडाभर त्या घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. शेवटी ताईने मला बोलावून घेतले. तुझे तो ऐकतो, तूच त्याला वळणावर आण, असे बजावले. भाचा जानेवारीत चार दिवस कॅमेरा घेऊन बेज्जूरला जाणारच होता. मीही बरोबर निघालो. रानात कोणाचा व्यत्यय नसतो, सावकाश बोलणे होईल, असा माझा हिशेब. गाडीत वाचायला म्हणून त्याने सलीम अलींचे आत्मचरित्र माझ्या हाती ठेवले. नागपूर यायच्या आत निम्मे संपले आणि माझा हिशेब तेथेच चुकू लागला.

वर्धा आणि वैनगंगा या विदर्भातल्या दोन नद्या एकत्र होतात आणि त्यांची प्राणहिता होते. ती तशीच दक्षिणेकडे उतरून सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. नदीच्या पलीकडच्या तीरावर आपला गडचिरोली जिल्हा, अलीकडे तेलंगण. बेज्जूर या अलीकडच्या अंगाला. कागजनगरला उतरायचे, कागदाच्या गिरणीचे ते गाव मागे टाकायचे आणि सागवानाच्या रानातून रस्ता धरायचा. मूळचा हा आदिलाबाद जिल्हा. २०१६ साली त्याचे तुकडे झाले आणि बेज्जूर कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. त्याच्याही आधी हा सारा मुलूख निजामाचा. गावात तेलुगू, पाड्यांवर गोंडी, आणि बाजारात मराठी समजणारा एखादा तरी हटकून भेटतो. आपल्या इंदुरासारखेच, राज्य बदलले तरी माणसांच्या जिभेवर जुन्या सरहद्दी राहिल्या आहेत.

निजामाचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. सलीम अलींच्या आयुष्याची गाडी ज्या वळणावर रुळाला लागली ते वळण निजामाच्या राज्यातच होते. पण ते पुढे. आधी मुळापासून सांगतो.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६ चा. सुलेमानी बोहरा कुटुंब, नऊ भावंडांत हे सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. ही पोरकी मुले गिरगावात खेतवाडीला मामांच्या घरी वाढली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना स्वतःचे मूल नव्हते. तय्यबजी हे घराणे तेव्हा मुंबईत नामांकित. त्यांच्यातलेच अब्बास तय्यबजी बडोदे संस्थानचे मुख्य न्यायाधीश होते आणि पुढे म्हातारपणी गांधीजींच्या मागे तुरुंगात गेले. सलीमच्या अमीरुद्दीन मामांना मात्र शिकारीचा षोक. त्यांनी भाच्याच्या हाती हवेची छोटी बंदूक दिली. त्या काळच्या श्रीमंत घरात हे खेळणेच समजले जाई.

दहा वर्षांचा असताना या पोराने त्या बंदुकीने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो तिच्या गळ्यावर हळदीचा पिवळा ठिपका. नेहमीच्या घरचिमणीला असा ठिपका नसतो. धार्मिक घरात अशी अनोळखी चिमणी खावी की खाऊ नये हाही प्रश्न होता. मामांपुढे चिमणी गेली. मामांनाही ती ओळखता येईना. आता येथे दुसरा कोणी मामा असता तर फेकून दे म्हणाला असता. मी तरी तसेच म्हणालो असतो. अमीरुद्दीन मामांनी असे केले की मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्डसाहेब यांना चिठ्ठी लिहिली आणि पोराला चिमणीसकट त्यांच्याकडे धाडून दिले.

मिलार्ड हे गोरे साहेब, आणि काळ १९०६ च्या आसपासचा. दहा वर्षांचे हिंदी पोर कागदाच्या पुडीत मेलेली चिमणी घेऊन उभे आहे. साहेबांनी त्याला हाकलले नाही. चिमणी पाहिली, पीतकंठी चिमणी म्हणून तिची ओळख सांगितली, आणि मग कपाटांचे खण एकामागून एक उघडून सोसायटीने जमवलेले पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. पक्षी टिकवून कसे ठेवावे, टिपण कसे ठेवावे हेही शिकवायची व्यवस्था केली, वाचायला पुस्तके दिली. गाण्यात याला गंडा बांधणे म्हणतात. फरक इतकाच की येथे ना नारळ, ना पेढे, ना दक्षिणा.

शाळेत सलीमची प्रगती बेताचीच. डोकेदुखीने बेजार होऊन काही काळ सिंधमध्ये नातेवाइकांकडे राहावे लागले. १९१३ साली मॅट्रिक कसेबसे पार पडले. सेंट झेवियर्स कॉलेजात पहिले वर्षही धड झाले नाही. मग घरच्यांनी ब्रह्मदेशात, तवॉय येथे, आप्तांचा वुलफ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता तिकडे पाठवले. खाणीचे काय झाले ते ओघाने समजेलच. भोवतालच्या रानात मात्र तरुणाचे पाय सारखे भटकत राहिले. १९१७ साली तो मुंबईस परतला. दावरांच्या कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकू लागला. झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी ओळखले की याचे मन जमाखर्चात नाही, आणि त्याला सकाळी प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसवून घेतले. १९१८ च्या डिसेंबरात तहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. या बाई इंग्लंडात शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या. त्यांच्याविषयी मला पुढे सांगायचे आहे.

व्यवसाय बुडाला. हाती पदवी नाही. झूलॉजिकल सर्व्हेत पक्षीशास्त्रज्ञाची जागा निघाली होती, एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, म्हणून ती मिळाली नाही. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्ग-विभागात लोकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची जागा मिळाली, पगार महिना साडेतीनशे रुपये. त्या काळी हा पगार बरा म्हणायचा. पण दोन वर्षांत कंटाळून, अभ्यासाची रजा काढून सलीम अली बर्लिनला गेले. तेथे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात प्रोफेसर श्ट्रेझेमान होते. ब्रिटिशांच्या राज्यातल्या माणसाला इंग्लंडात जो आदर मिळाला नाही तो या जर्मन गुरूने दिला. सलीम अली आयुष्यभर त्यांनाच आपला गुरू मानत आले. १९३० मध्ये परत आले तर पैशाअभावी व्याख्यात्याची ती जागाच बंद झालेली. वय चौतीस, संसार मांडलेला, नोकरी नाही.

हा भाग मी वाचला तेव्हा गाडी वर्ध्याच्या आसपास होती. समोरच्या बाकावर भाचा झोपला होता. पदवी नसण्याचा केवढा फटका बसला हे त्याला दाखवायला मी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला. ताईच्या बाजूचा एक भक्कम मुद्दा हाती आला, असे वाटले.

नोकरी गेलेले हे जोडपे अलिबागेजवळ किहीमला जाऊन राहिले. मुंबईत राहणे परवडेना म्हणून गेले, आणि तेथे अंगणाजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत सापडली. आपल्याकडे सुगरण हे नावच बायकी. ते सुंदर घरटे मादी विणते असाच आपल्या आयाबायांचा समज. सलीम अलींनी पावसाळाभर शिडीवर मचाण बांधून पाहिले. विणणारा नर असतो. अर्धे घरटे विणून तो थांबतो, माद्या येतात, आत शिरून ओढूनताणून परीक्षा करतात. पसंत पडले तर एखादी राहते. मग नर उरलेले पुरे करतो. ती अंडी घालते की हा चालला दुसरे विणायला, दुसऱ्या मादीसाठी. हा सगळा संसार पुराव्यानिशी पहिल्यांदा त्यांनी मांडला. बेकारीच्या पावसाळ्यात केलेले हे काम आजही जगभर वाचले जाते. पानाचा कोपरा मी पुन्हा सरळ केला.

आता निजामाचे राज्य. पोटासाठी काहीतरी करायला हवे होते, आणि पाखरे सोडवत नव्हती. सलीम अलींनी तोड काढली ती अशी. हिंदुस्थानातल्या संस्थानांत कोणते पक्षी आहेत याची शास्त्रशुद्ध पाहणी झालेली नव्हती. संस्थानांनी फक्त तळाचा आणि प्रवासाचा खर्च द्यावा, आपण मेहनताना घेणार नाही, असा प्रस्ताव. हैदराबादने मान्य केले आणि १९३१-३२ मध्ये त्या राज्याची पक्षी-पाहणी झाली. मागाहून कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, ग्वाल्हेर आणि आपले इंदूर. म्हणजे ज्या दरबाराच्या खजिन्यातून पखवाजाला शाई लागत होती त्याच खजिन्यातून या माणसाच्या तंबूचे भाडे गेले. वडिलांना हे ठाऊक नव्हते. असते तर त्यांनी सलीम अलींना दरबारी मंडळीत धरले असते, आणि मीही धरतो.

या पाहण्यांत तहमिना बेगम बरोबर असत. बैलगाड्या, तंबू, हिवतापाचा मुलूख, महिनोन्महिने रानात मुक्काम. विलायतेत शिकलेल्या बाईने ते सगळे आनंदाने पत्करले, इतकेच नव्हे तर नवऱ्याच्या इंग्रजी लिखाणावर हात फिरवून ते सुबक केले. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या एकाएकी गेल्या. सलीम अली तेव्हा बेचाळीस वर्षांचे. पुन्हा लग्न केले नाही. बहीण कामू आणि मेव्हणे हसन अली यांच्या घरी अखेरपर्यंत राहिले. आधी मामाने वाढवले, पुढे बहिणीने सांभाळले. हा सगळा व्याप एका माणसाच्या वेडाचा नाही, घरादाराने उचलून धरलेल्या वेडाचा आहे, हे मला तेथे प्रथम दिसले आणि ताईची आठवण झाली.

असो. बेज्जूरला आम्ही पोहोचलो ते सायंकाळी. दुसऱ्या दिवशी पहाटे वनखात्याचा एक गोंड राखणदार आमच्यापुढे चालू लागला. सागाची वाळली पाने थंडीच्या दवाने ओली झालेली, म्हणून पायांचा आवाज नाही. अजून पुरते उजाडलेले नव्हते. आणि समोरच्या झाडीतून एकाएकी शिक्र्याची किंचाळी आली, मागोमाग कोणत्याशा सातभाईचा कलकलाट, मग एक स्वच्छ शीळ, षड्जावरून पंचमावर घसरत गेलेली. मला वाटले तीन-चार पक्षी आहेत. राखणदार हसला आणि त्याने एकच बोट वर केले. एकच पक्षी होता. भृंगराज. काळाकुळकुळीत, डोक्यावर तुरा, आणि शेपटीला दोन लांब तारा, प्रत्येकीच्या टोकाला एकेक पान लावल्यासारखे. दुसऱ्या पाखरांच्या नकला करण्यात याचा हात धरणारा नाही. वर्गात असा विद्यार्थी आला तर मी त्याची हजेरी घेणार नाही, शांत बसून ऐकत राहीन.

या भृंगराजाच्या शेपटीवरून सलीम अलींचे एक भांडण झाले होते, ते येथेच सांगायला हवे. ह्यू व्हिस्लर हे त्या काळचे हिंदी पक्ष्यांवरचे मोठे अधिकारी, पंजाबात पोलीस खात्यात नोकरी केलेले. त्यांनी नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिताना म्हटले की भृंगराजाच्या शेपटीच्या तारेवरचे ते पान पिसाच्या अमुक कडेला असते. पूर्वीच्या पुस्तकांतही तसेच लिहिलेले. सलीम अली या अनोळखी तरुणाने कळवले की नाही, ते दुसऱ्याच कडेचे आहे. पिसाचा दांडा पानाच्या जरा अलीकडे मुरडलेला असतो, म्हणून ते उलट कडेचे भासते. व्हिस्लरसाहेब चिडले. कोण हा सोम्यागोम्या म्हणून संपादकांना त्यांनी फणकाऱ्याची पत्रे पाठवली. पण मग आपल्याजवळचे नमुने पुन्हा काढून पाहिले. दांडा मुरडलेला होता. साहेबांनी चूक कबूल केली, इतकेच नव्हे तर या तरुणाशी जन्माची मैत्री केली. हैदराबादच्या पाहणीचे जे लेख छापून आले त्यांत टिपा व्हिस्लर यांच्या आहेत.

मी गाण्याच्या क्षेत्रात तीस वर्षे आहे. एखाद्या रागात अमुक स्वर लागतो की नाही यावरून दोन बुजुर्ग मंडळी जन्मभर एकमेकांच्या मैफिलीला गेली नाहीत, हे मी पाहिले आहे. शिष्याने दाखवलेली चूक घरी जाऊन तंबोरा लावून तपासणारा, आणि दुसऱ्या दिवशी कबूल करणारा गुरू मला एकही आठवत नाही. मीही त्यांतलाच. म्हणून व्हिस्लरसाहेबांची ही हकीकत मला सलीम अलींच्या पद्मविभूषणापेक्षा मोठी वाटते.

तर हे सगळे मी भाच्याला तेथेच कुजबुजत सांगितले. त्याने पुस्तक तीनदा वाचलेले. पण पिसाची मुरड त्याने कधी शोधली नव्हती. मग तासभर तो त्या पक्ष्याच्या मागे. भृंगराज काही गवयासारखा एका बैठकीवर बसत नाही. शेवटी एका वाळल्या फांदीवर तो पाठमोरा बसला, वाऱ्याने एक तार बाजूला झाली, आणि कॅमेऱ्याने पाच-पंचवीस छायाचित्रे घेतली. पडद्यावर मोठे करून पाहिले तर पानाच्या अलीकडे दांड्याला स्पष्ट पीळ. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या भांडणाचा निकाल आम्ही मामा-भाच्याने सागाखाली बसून पुन्हा एकदा दिला. त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून, ज्यासाठी आलो ते बोलणे काढायची मला छाती झाली नाही.

दुपारी नदीवर गेलो. थंडीत प्राणहितेचे पाणी ओसरून मध्ये वाळूची बेटे उघडी पडतात. बेटावर चक्रवाकांची जोडपी, काठाने नदी-टिटवी, आणि पाण्यावर एका जागी फडफडत उभा राहून सूर मारणारा कवड्या खंड्या. पलीकडे गडचिरोलीची झाडी निळसर दिसत होती. खाली सिरोंच्याकडे बोट दाखवून भाच्याने एक गोष्ट सांगितली. जेर्डनचा धाविक नावाचा एक टिटवीच्या जातकुळीतला लहानसा पक्षी. एकोणिसाव्या शतकात ब्लॅनफर्ड नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने त्याची नोंद याच खोऱ्यात, सिरोंच्याजवळ आणि भद्राचलमजवळ केली. १९०० नंतर तो कोणालाच दिसला नाही. नामशेष झाला असे धरून पुस्तकांनी पान उलटले. सलीम अलींनी मात्र उलटले नाही. त्यांचे आणि त्यांच्या सोसायटीच्या माणसांचे शोध वर्षानुवर्षे चालू होते. अखेर १९८६ च्या जानेवारीत आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात, भारत भूषण या सोसायटीच्या तरुण संशोधकाच्या मोहिमेत, ऐतन्ना नावाच्या गावकऱ्याने रात्री विजेरीच्या उजेडात तो पक्षी पकडला. पकडलेला पक्षी जगला नाही, पण जात जिवंत होती हे ठरले. सलीम अली तेव्हा एकोणनव्वद वर्षांचे होते. पुढल्याच वर्षी, २० जून १९८७ रोजी, ते गेले. हा पक्षी मिळाला तो कोणा पंडिताला नव्हे, काटेरी झुडपांत पिढ्यान्‌पिढ्या फासे लावणाऱ्या माणसाला. आमचा गोंड राखणदार ही गोष्ट मान डोलवत ऐकत होता. भाच्याने ती त्याला हिंदीत पुन्हा सांगितली.

मधल्या पन्नास वर्षांबद्दल फार लिहीत नाही, कारण ती सर्वांना ठाऊक आहेत. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. ते इतके खपले की त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. तुरुंगातल्या नेहरूंनी त्याची एक प्रत आपल्या मुलीला, इंदिरेला, भेट दिली आणि तिलाही पाखरांचा नाद लागला. पुढे त्याचा उपयोग देशातल्या रानांना झाला. १९६८ ते १९७४ या काळात, म्हणजे सत्तरी उलटल्यावर, अमेरिकन मित्र डिलन रिप्ले यांच्या जोडीने भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. मोटारसायकलचे वेड असे की १९५० साली स्वीडनमध्ये पक्षीशास्त्रज्ञांची परिषद होती, तर आपली सनबीम गाडी बोटीने नेली आणि तिच्यावरून युरोपातून फिरत तेथे पोहोचले. वय त्रेपन्न. सिंगापूरचे चित्रपटगृहांचे धनी लोके वान थो त्यांचे मित्र. हे गृहस्थ पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यात जगातल्या नामांकितांपैकी एक. त्यांनी सलीम अलींच्या मोहिमांना सढळ हाताने पैसा पुरवला. १९६४ साली विमान अपघातात गेले. संस्थानिकांचा जमाना संपला तरी जाणता आश्रयदाता मिळत राहिला, हे सलीम अलींचे भाग्य. आमच्या वडिलांना तो मिळाला नाही.

भरतपूरचे तेवढे सांगतो, कारण त्यात पुन्हा संस्थान आहे. तेथल्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीच्या मेळ्यात एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. तो सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस. स्वातंत्र्यानंतर ते तळे उपसून शेती करावी अशी मागणी झाली, तेव्हा नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवण्यात सलीम अलींचा पुढाकार होता. पण शिकारीला त्यांनी कधी नाके मुरडली नाहीत. अभ्यासासाठी त्यांनी स्वतःही हजारो पक्षी बंदुकीने पाडले. त्यांच्या तरुणपणी दुर्बीण आणि कॅमेरा यांवर शास्त्र चालत नसे. आपल्या भाच्यांच्या पिढीला हे पटत नाही. मला पटते, कारण मेलेल्या जनावराचे कातडे ताणल्याशिवाय पखवाज बोलत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही पालारापूच्या कड्याकडे गेलो. बेज्जूरचे नाव पक्षीवाल्यांत झाले ते या कड्यामुळे. लांब चोचीची गिधाडे कड्याकपारीत घरटी करतात, वर्षाला एकच अंडे घालतात. सलीम अलींच्या पुस्तकांत गिधाड म्हणजे गावोगावचे, नेहमीचे, ज्याच्याकडे मुद्दाम कोणी पाहात नाही असे पाखरू. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांत ते दिसेनासे होऊ लागले. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध सर्रास दिले जाऊ लागले होते. ते अंगात असलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. कारण समजेपर्यंत २००४ साल उजाडले. गुरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. तोवर लांब चोचीच्या गिधाडांपैकी शंभरांतली सत्त्याण्णव गेली होती. अशा वेळी, २०१३ मध्ये, पालारापूच्या कड्यावर त्यांची एक छोटी वसाहत नांदत असलेली आढळली. वनखात्याने राखणदार नेमले, विषारी औषध न घातलेल्या जनावरांचे मांस ठेवण्याची व्यवस्था केली.

आम्ही गेलो त्या दिवशी कडा रिकामा होता. कपारींखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसत होते, जुन्या घराच्या भिंतीवरून चुना ओघळावा तसे. ऊन तापेपर्यंत, हवा वर चढेपर्यंत बसा, मग येतील, असे वाटून आम्ही दीड वाजेपर्यंत बसलो. वर एक घार तेवढी फिरून गेली. राखणदार काही बोलला नाही. त्याने विडी काढली आणि पुन्हा खिशात ठेवली. भाच्याने कॅमेरा तिकाटण्यावर लावून त्या रिकाम्या कड्याचे छायाचित्र घेतले. रिकाम्या दगडाचे काय करायचे असे मी विचारले. तो म्हणाला की तारीख, वेळ लिहून ठेवायची. आज नव्हते ही सुद्धा नोंद असते. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत दरबाराच्या शेवटच्या दसऱ्याच्या खर्चाची एक यादी आहे. कलावंतांची नावे, पुढे बिदागीचे आकडे, आणि त्यापुढच्या वर्षाचा रकाना आखलेला पण कोरा. लहानपणी मला वाटे, वडील ही रद्दी कशाला जपून ठेवतात.

परतीच्या वाटेवर मी अखेर विषय काढला. पदवी नसल्यामुळे सलीम अलींना नोकरी मिळाली नाही, हे सांगितले. त्यांच्या पाठीशी तय्यबजींचे घराणे होते, तुझ्या पाठीशी मामाचा गाण्याचा वर्ग आहे, हेही सांगितले. तो चिडला नाही. आपल्याला पदवीच हवी आहे, पण प्राणिशास्त्राची, इतकेच त्याचे म्हणणे. हे त्याने दिवाळीतही सांगितले होते म्हणे. आम्ही कोणी ऐकून घेतले नव्हते. मला कबूल करावे लागले की मीही तेव्हा चकलीच खात होतो.

कागजनगरच्या फलाटावर ताईचा फोन आला. झाले का बोलणे, एवढेच तिने विचारले. मी तिला सांगितले की या वर्षाची परीक्षा तो देणार आहे, तेवढे कबूल करून घेतले आहे. आणि पुढच्या सोमवारी मी त्याला घेऊन आपल्या शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकाबाईंकडे जाणार आहे. त्यांची मुलगी माझ्याकडे गाणे शिकते. त्याची टिपणवही आणि भृंगराजाचे छायाचित्र बाईंना दाखवायचे, आणि त्या काय म्हणतात ते ऐकायचे. ताई बराच वेळ गप्प होती. मग तुला कशाला पाठवले होते, असे विचारून तिने फोन ठेवला. गाडी दीड तास उशिरा होती. भाच्याने फलाटावरच्या पिंपळावर कसलेसे पाखरू हेरले आणि सामान माझ्या ताब्यात देऊन तो तिकडे गेला.